'बँडिट क्वीन'ची समीक्षा: विहिरीपाशी अडकलेला वाद आणि सुटून गेलेली जमीन

बाड्यावरचा (धागाकर्ता)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या रविवारच्या गटानं या महिन्यासाठी फूलनदेवीच्या आयुष्यावरचा 'बँडिट क्वीन' निवडलाय. बघण्याआधी थोडी पूर्वतयारी व्हावी म्हणून हा धागा. या चित्रपटावर तीस वर्षं जे लिहिलं जातंय ते बहुतेक सगळं गावातल्या त्या एका विहिरीभोवती फिरतं, जिथे पडद्यावर फूलनची नग्न धिंड काढली जाते. नग्नता दाखवावी की नाही, कितपत दाखवावी, परीक्षण मंडळ बरोबर की चूक, एवढंच. माझ्या मते खरा वाद तिथे नाहीच. तो आहे 'ही सत्यकथा आहे' या दाव्यात.

आधी पक्की माहिती. दिग्दर्शन शेखर कपूर, छायाचित्रण अशोक मेहता, संकलन रेणू सलुजा, संगीत नुसरत फतेह अली खान. निर्माते बॉबी बेदी, पैसा ब्रिटनच्या चॅनल फोरचा. आधार माला सेन यांचं १९९१ साली आलेलं इंग्रजी पुस्तक, आणि पटकथाही त्यांचीच. १९९४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. भारतातल्या चित्रगृहांत यायला १९९६ उजाडलं. सीमा बिस्वास यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार, डॉली अहलुवालिया यांना वेशभूषेचा, आणि सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा पुरस्कारही यालाच.

समीक्षकांनी कौतुक केलं ते रास्तच होतं. निर्मल पांडे, मनोज बाजपेयी, सौरभ शुक्ला, गोविंद नामदेव ही सगळी मंडळी तोवर मोठ्या पडद्याला फारशी माहीत नव्हती. ओळखीचा चेहरा नसल्यामुळे प्रेक्षकाला आधार उरत नाही, आणि या चित्रपटाला नेमकं तेच हवं होतं.

मग विरोधी सूर आला. अरुंधती रॉय यांनी १९९४ साली 'संडे' साप्ताहिकात दोन भागांत लेख लिहिला. तेव्हा त्या कादंबरीकार म्हणून कुणाला माहीत नव्हत्या. लेखाचा गाभा असा: बाई जिवंत आहे, तिच्यावरचे खटले मिटलेले नाहीत, तिनं चित्रपट पाहिलेला नाही, दिग्दर्शक तिला भेटलेला नाही, आणि तरी पडद्यावर सत्यकथा म्हणून छाप मारलाय. या लेखालाही पुढे लोकांनी 'नग्नतेला विरोध करणारा लेख' करून टाकलं. मूळ लेख वाचला तर तसं दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गळती जमिनीची. फूलनचं पहिलं बंड ठाकुरांविरुद्ध नव्हतं. ते होतं चुलतभाऊ मैयादीनविरुद्ध, कुटुंबाच्या जमिनीवरून. माला सेन यांच्या पुस्तकात हे ठळक आहे. पडद्यावर ते जवळपास नाही. जमीन काढून घेतली की उरतो फक्त अत्याचार आणि सूड, आणि मग ती बाई स्वतः काही ठरवणारी न राहता फक्त सोसणारी आणि पेटणारी होते. गटात चर्चा यावर व्हावी असं मला वाटतं. तुम्ही सांगा.

चंबळकाठ

धागा चांगला. पण नकाशा आधी नीट करू या, कारण समीक्षेतली निम्मी गफलत तिथून सुरू होते.

बेहमई, म्हणजे १९८१ च्या हत्याकांडाचं गाव, चंबळेकाठी नाही. ते यमुनेकाठी आहे, कानपूर देहात जिल्ह्यात. फूलनचं जन्मगाव जालौन जिल्ह्यात, तेही यमुनेच्याच पट्ट्यात. टोळीचा वावर मुख्यतः त्या बाजूचा. आपल्याकडे ती आली ती शस्त्रं ठेवायला: १२ फेब्रुवारी १९८३, भिंड, समोर मुख्यमंत्री अर्जुनसिंह. त्यानंतर ग्वाल्हेरचा मध्यवर्ती तुरुंग. म्हणजे चंबळ या कथेत शेवटी येते. चित्रीकरण मात्र बरंचसं धोलपूरकडे, चंबळेच्या बीहडांत, म्हणजे मातीच्या घळींत, झालं. घळी खोल, कडे उभे, माणूस त्यात मुंगीएवढा दिसतो. कॅमेऱ्याला ते आवडणारच.

मग बाहेरच्या समीक्षकांनी 'चंबळचं बेबंद राज्य' अशी एक तयार चौकट उचलली आणि कथा त्यात बसवली. यानं काय बिघडतं? फूलन मल्लाह जातीची. यमुनाकाठचा मल्लाह हा नदीवर जगणारा माणूस. नाव, मासे, पाणी ओसरल्यावर कछारात, म्हणजे नदीकाठच्या गाळात, लावलेली टरबुजं-काकड्या. ज्याच्याकडे पक्की जमीन, त्याच्याकडे गाव. मल्लाहाच्या हातात बिघाभर जमीन असणं किंवा नसणं किती मोठं, हे तो पट्टा लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही. धागाकर्ते म्हणतात ती जमिनीची गळती आणि नकाशाची गळती, दोन्ही एकच.

माधवी_मोरार

जमिनीचं पटलं. पण विहिरीचा प्रसंग बाजूला सारू नका. विरोध करणाऱ्यांतही दोन गट होते. एकांचं म्हणणं, हे अश्लील. दुसऱ्यांचं म्हणणं, हे खरं असेल तरी ते दाखवायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा. दुसरा मुद्दा न्यायालयात नेमका कुठे गेला, हे कुणी जाणकारानं लिहावं.

वकीलताई

लिहिते. इथे दोन वेगळे खटले आहेत आणि लेखांत ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात.

पहिला फूलनदेवींचा स्वतःचा, दिल्ली उच्च न्यायालयात, शेखर कपूर आणि निर्मात्यांविरुद्ध. मुद्दा खाजगीपणाचा. १९९४ च्या अखेरीस न्यायालयानं त्यांच्या बाजूनं अंतरिम मनाई दिली. त्याआधी काही आठवडेच, ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू सरकार हा निकाल आला होता. तोही एका खऱ्या गुन्हेगाराच्या, ऑटो शंकरच्या, आत्मचरित्राबद्दलचा. सूत्र असं: सार्वजनिक नोंदींत, म्हणजे न्यायालयाच्या कागदपत्रांत जे आहे ते कुणीही संमतीशिवाय छापू शकतो. त्यापलीकडे माणसाच्या आयुष्यात शिरायचं तर संमती हवी. आणि एक अपवाद: लैंगिक अत्याचार किंवा अपहरण झालेल्या स्त्रीचं नाव आणि ती घटना नोंदीत असली तरी तिची पुन्हा जाहीर विटंबना होऊ नये. माधवीताई, तुमचा प्रश्न या अपवादात बसतो. पुढे चॅनल फोरनं ४० हजार पौंड दिले, तडजोड झाली आणि हा मुद्दा अंतिम निकालापर्यंत गेलाच नाही. समीक्षेचं मोठं नुकसान तिथे झालं, कारण 'पैसे घेतले म्हणजे आक्षेप खोटा' असं लिहायला लोक मोकळे झाले.

दुसरा खटला वेगळ्याच माणसाचा. ओम पाल सिंह हून यांची तक्रार अशी की बाबू गुज्जर या टोळीप्रमुखाच्या पात्रामुळे गुज्जर समाजाची बदनामी होते, शिवाय चित्रपट अश्लील आहे. इथे फूलनची संमती हा विषयच नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयानं प्रमाणपत्र रद्द केलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं १ मे १९९६ रोजी ते परत बहाल केलं. निकाल न्या. भरुचा यांनी लिहिला. तर्क असा की विहिरीपाशी काढलेली धिंड पाहून प्रेक्षकाच्या मनात वासना येत नाही, करणाऱ्यांबद्दल घृणा येते. 'शिंडलर्स लिस्ट'चा दाखलाही त्यात आहे. चित्रपट प्रमाणपत्राच्या अपील न्यायाधिकरणावर न्या. लेंटिन यांच्यासोबत तीन महिला सदस्य होत्या, याचीही न्यायालयानं दखल घेतली.

म्हणजे आज 'सर्वोच्च न्यायालयानं बँडिट क्वीनला न्याय दिला' असं वाचलं की समजायचं: न्याय चित्रपटाला मिळाला. ज्या बाईची कथा, तिचा प्रश्न त्या दिवशी समोर नव्हता.

माधवी_मोरार

वकीलताई, अगदी हेच हवं होतं. मनःपूर्वक आभार.

रीळ_आणि_रेघ

मला कारागिरीबद्दल बोलायचंय, कारण नैतिक वादात ती नेहमी मागे पडते.

बेहमईतल्या कोठडीतल्या सामूहिक बलात्काराचा प्रसंग पाहताना दार बघा. दार उघडतं, उजेडाची पट्टी आत येते, माणूस आत येतो, दार मिटतं, पुन्हा उघडतं. हिशोब दारानं ठेवलाय, शरीरानं नाही. रेणू सलुजा यांचं संकलन इथे थांबून बघण्यासारखं आहे. तुकडे साधारण सारखेच, त्यामुळे वेळ संपतच नाही असं वाटतं. हिंदी चित्रपटात असा प्रसंग पूर्वी पदर, फुटलेली काच, वादळातला दिवा अशा खुणांनी उरकत असत. इथे त्या सगळ्या टाळल्यात.

विहिरीचा प्रसंग उलट बांधलाय. तिथे उजेड भरपूर, अंतर लांब, आणि कॅमेरा बघणाऱ्या गावाकडेही वळतो. न्यायालयाला जी घृणा दिसली ती या अंतरामुळे. कॅमेरा जवळ गेला असता तर तोच प्रसंग वेगळा झाला असता.

आता दोष. बलात्काराची पुनरावृत्ती हेच पटकथेचं इंजिन आहे. बालविवाह, गाव, पोलीस, बाबू गुज्जर, बेहमई: प्रत्येक वळणावर कथेला ढकलणारी गोष्ट तीच. त्यामुळे मधले निर्णय, म्हणजे टोळी कशी चालली, वाटण्या कशा झाल्या, कुणावर विश्वास ठेवला, हे अंगावर न येता निघून जातं. रॉय यांच्या लेखाशी मी पूर्ण सहमत नाही, पण हा मुद्दा त्यांनी अचूक पकडला.

आणखी एक बारीक गोष्ट. सुरुवातीच्या फलकावर पशू, ढोल, अडाणी, खालच्या जाती आणि स्त्रिया ताडनास पात्र, अशा अर्थाचं वाक्य मनूच्या नावावर आहे. ते मनुस्मृतीपेक्षा तुलसीदासांच्या सुंदरकांडातल्या चौपाईशी जुळतं. आपल्या भागात ती चौपाई पाठ असलेली माणसं घरोघर आहेत, त्यांना हे पहिल्या मिनिटात खटकतं. ज्या चित्रपटाचा दावा सत्याचा, त्याचा पहिलाच फलक चुकीच्या नावावर असावा हे मला गंभीर वाटतं.

सराफा_गल्ली

फलकाबद्दल +१. हे कुठल्याच परीक्षणात वाचलं नव्हतं.

धावपट्टी

तुलनेसाठी 'पानसिंग तोमर' घ्याच. दिग्दर्शक तिग्मांशू धुलिया 'बँडिट क्वीन'चे पात्रनिवड करणारे होते, म्हणजे दोन्हींचं मूळ एका ठिकाणी जातं. २०१० मध्ये लंडनच्या महोत्सवात दाखवला, आपल्याकडे मार्च २०१२ मध्ये लागला. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि इरफान खान यांना अभिनय, असे दोन राष्ट्रीय पुरस्कार.

खरे पानसिंग मुरैना जिल्ह्यातल्या भिडोसाचे, सैन्यात सुभेदार, स्टीपलचेज या अडथळ्यांच्या शर्यतीचे सात वेळा राष्ट्रीय विजेते, १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत भारताकडून धावले. १ ऑक्टोबर १९८१ ला पोलिसांच्या गोळीनं गेले. तिथेही मुळाशी जमीनच, भावकीतली. आणि इथे फरक बघा: या चित्रपटानं जमीन मध्यभागी ठेवली. वाटणी, मोजणी, ठाण्यात मिळालेली वागणूक, कलेक्टरसमोरची बैठक, सगळं टप्प्याटप्प्यानं येतं. बंदूक हातात येते तेव्हा ती का आली हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

स्टीपलचेज हे नुसतं अलंकरण नाही. ३,००० मीटर, २८ अडथळे, ७ वेळा पाणी. अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, आणि साध्या हर्डलसारखा तो पडत नाही. पाय लागला तर पडतो माणूस. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब, अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. म्हणून पट्टीचे धावपटू अडथळ्यावर पाय देऊन लांब झेप घेतात, उथळ टोकाला उतरतात. हे माहीत असेल तर बीहडात पळणाऱ्या त्याच माणसाकडे बघताना डोळा आपोआप पायांवर जातो.

शेवटच्या फलकांत उपेक्षित खेळाडूंना आदरांजली आहे. त्यात आपले खाशाबा जाधव आहेत आणि महूचे हॉकी गोलरक्षक शंकर लक्ष्मणही. श्रेयनामावली लागली की उठू नका.

बाड्यावरचा

धावपट्टी, तुलना पटली, पण एक अडचण. पानसिंगांवर चित्रपट आला तेव्हा ते जाऊन तीस वर्षं झाली होती. फूलन समोर होती. मृताबद्दल मोकळेपणानं संशोधन करता येतं. जिवंत माणसाबद्दल ते करायचं तर त्याच्या दारात जावं लागतं. दोघांना एका तराजूत घालताना हे वजन धरायला हवं.

धावपट्टी

मान्य. पण फूलनला विचारणं अशक्य नव्हतं. पुस्तकासाठी तिनं तुरुंगातून मजकूर सांगून लिहवून पाठवला होता. दार उघडं होतं, दिग्दर्शकानं ठोठावलं नाही.

चंबळकाठ

शरणागतीच्या शेवटाबद्दल लिहायचं राहिलं होतं. परदेशी परीक्षणांत तो प्रसंग 'बंडाचा पराभव' असा वाचला जातो. इथल्या माणसाला त्यात एक जुनी रीत दिसते. १९६० च्या मे महिन्यात विनोबा भिंड-मुरैना भागात पायी फिरले आणि २० बागींनी, म्हणजे बंडखोर डाकूंनी, शस्त्रं ठेवली, मानसिंह टोळीचा लोकमन ऊर्फ लुक्का त्यातलाच. १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर मोहरसिंह, माधोसिंह आणि इतर अनेक. मग १९८३ चं फूलनचं समर्पण.

फरक अटींचा. विनोबांनी कसलंही आश्वासन दिलं नव्हतं, कायदा आपलं काम करेल असंच धोरण. १९८३ ला बोलणी झाली होती: फाशी नाही, उत्तर प्रदेशात पाठवायचं नाही, तुरुंगवास आठ वर्षांहून जास्त नाही. प्रत्यक्षात अकरा वर्षं गेली. तिनं शस्त्रं ठेवली ती गांधीजी आणि दुर्गा यांच्या तसबिरींसमोर, आणि त्या निवडीमागेही विचार होता. तिथे उभी असलेली बाई सौदा करून आली होती आणि तो तिला स्वतःला नीट समजला होता. चित्रपट संपतो तिथे या सौद्याचं पुढे काय झालं हा प्रश्न सुरू होतो, आणि त्यावर मला एकही बरं परीक्षण सापडत नाही.

शब्दाचंही ध्यान ठेवा. इकडे 'डाकू' हा पोलिसाचा शब्द, 'बागी' हा गावाचा. मराठीत आपण सरसकट 'दरोडेखोर' लिहितो, त्यात हा भेद बुडतो. चर्चेत बागी म्हटलं तर चालेल, फक्त त्यात गौरव आपोआप येऊ देऊ नका. बेहमईत १४ फेब्रुवारी १९८१ ला २० माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना निकाल मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं, तेव्हा एका आरोपीला जन्मठेप झाली. फूलन स्वतः म्हणत राहिली की तिनं गोळी चालवली नाही. चित्रपट मात्र तिला त्या हत्याकांडाच्या केंद्रस्थानी उभं करतो. खटला उभा असताना.

सराफा_गल्ली

चकमकी कितपत खऱ्या वाटतात? परीक्षणांत नुसतं 'वास्तववादी' लिहिलेलं असतं.

चंबळकाठ

हत्यार ओळखा आणि मोजा. दुनळी बारा बोअर: दोन बार झाले की नळी मोडून काडतुसं बदलावीच लागतात. ३१५ बोअरची रायफल: प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागतो. पोलिसांची थ्री-नॉट-थ्री: तीही बोल्टची, मॅगझिनमध्ये १० गोळ्या. एसएलआर: बोल्ट ओढायची गरज नाही, २० ची मॅगझिन. पात्र दुनळीतून तिसरी गोळी झाडताना दिसलं तर ती संकलनातली चूक. दुसरी खूण पाण्याची आणि काडतुसांची चणचण. खरी टोळी काडतूस वाया घालवत नसे, कारण ते पैशानं आणि ओळखीनं मिळायचं. जिथे पात्रं गोळ्या मोजून वापरतात तिथे लेखकानं माहिती काढलीय असं समजा. बोलीचंही तेच. जालौनची बुंदेली, भिंडची भदावरी, अंबाह-पोरशाची तंवरघारी, प्रत्येकीचा हेल निराळा. 'पानसिंग तोमर'ची बोली मुरैन्याच्या बरीच जवळ जाते.

रीळ_आणि_रेघ

रविवारसाठी थोडं व्यवहाराचं. चित्रपट ११९ मिनिटांचा, मध्यंतर करू नका. कोठडीच्या प्रसंगाआधी तोडलं तर सगळी बांधणी मोडते. सुरुवातीला प्रमाणपत्र पडद्यावर येतं, ते थांबवून वाचा. 'ए' असेल, आणि कोपऱ्यात त्रिकोण असेल तर कात्री लागलेली आहे. घरबसल्या पाहायच्या मंचांवरच्या प्रतींची लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून आधी मिनिटं जुळवून घ्या, नाहीतर चर्चेत एकानं पाहिलेला प्रसंग दुसऱ्यानं पाहिलेलाच नसतो.

वकीलताई

'ए' म्हणजे अठरा पूर्ण, गटात मुलं येतात म्हणून सांगते. घराबाहेर, सभागृहात दाखवायचा असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. वर्गणीचं खातं घरगुती वापरापुरतं असतं.

वाचायचा क्रम माझ्या मते असा ठेवावा: आधी १ मे १९९६ चा निकाल, तो छोटा आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यात चित्रपटाचं कथानक न्यायमूर्तींनी स्वतः सांगितलंय, एका अर्थी तेही एक परीक्षणच. मग रॉय यांचा लेख. मग चित्रपट. माला सेन यांचं पुस्तक आणि फूलननं सांगून लिहवलेलं १९९६ चं आत्मचरित्र नंतर. पुस्तक आधी वाचलं तर चित्रपटभर फक्त काय गाळलं याचीच मोजणी होते.

माधवी_मोरार

क्रमात एक बदल सुचवू का? लेख चित्रपटानंतर ठेवा. आधी वाचला तर विहिरीच्या प्रसंगी आपण पडद्याकडे न बघता लेखाकडे बघत बसू. आणि चर्चेची सुरुवात कुणीतरी मैयादीनच्या जमिनीपासून करावी, नाहीतर पहिला तास पुन्हा विहिरीतच जाईल.

बाड्यावरचा

दोन्ही मान्य. निकाल आधी, लेख नंतर. जमिनीवर चंबळकाठ दादांनी दहा मिनिटं बोलावं, यमुनेचा नकाशा घेऊन. खाजगीपणाच्या खटल्यावर वकीलताई. 'पानसिंग तोमर' पुढच्या रविवारी, धावपट्टी तेव्हा अडथळ्याची उंची भिंतीवर खडूनं आखून दाखवतील.

चंबळकाठ

नकाशा आणतो. जालौन, कानपूर देहात आणि भिंड एकाच कागदावर बसतील असा.